आर३६एस दोन महिन्यांत लोगोवर अडकला, आता काय करायचं?

साताऱ्याच्या एका वडिलांनी विचारलंय. मुलीच्या अकराव्या वाढदिवसाला त्यांनी आर३६एस हा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल ऑनलाइन मागवला, तीन हजारांच्या आसपास मिळाला. दोन महिने छान चालला आणि एका सकाळी लोगोवरच अडकून बसला. बदलून घ्यायची मुदत संपलेली. एकाने सांगितलं, ‘कस्टम फर्मवेअर (म्हणजे यंत्र चालवणारी, कारखान्याबाहेरच्या कोणी बनवलेली सिस्टीम) टाका, नवा होईल.’ दुसऱ्याने जॉयस्टिक, बॅटरी, बाहेरचं कव्हर, सगळं बदलायची यादीच दिली. त्यामुळे त्यांचे प्रश्न तीन आहेत: फर्मवेअर कोणतं टाकू, पार्ट कोणते बदलू, आणि या नादात यंत्र कायमचं तर बंद पडणार नाही ना?

मी पुण्यात बरीच वर्षं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करतो आणि त्यात अशी छोटी गेम यंत्रं भरपूर येतात. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर कळलं की बाकीची भीती जाते.

नाही, यंत्र मेलेलं नाही. आर३६एसच्या पोटात फोनसारखी स्वतःची साठवण नसते. त्याची सगळी ऑपरेटिंग सिस्टीम पहिल्या खाचेतल्या मेमरी कार्डावर असते. चालू केल्यावर आतली रॉकचिप आरके३३२६ ही चिप थेट त्या कार्डाकडे बघते आणि तिथून सगळं उचलते. त्यामुळे फर्मवेअर बदलणं म्हणजे इथे कार्ड बदलणं. नवीन काही जमलं नाही तर जुनं कार्ड परत घाला, यंत्र होतं तसं. मोबाइलमध्ये नवी सिस्टीम (रॉम) टाकताना जी धडधड होते ती इथे नाही. मुलांना शिकवायला म्हणून मी नेहमी असंच यंत्र सुचवतो.

पण यात एक मेख आहे, आणि तुमचं कार्ड आत्ता नेमकं तिथेच अडकलंय. ‘जुनं कार्ड परत घाला’ म्हणायला जुनं कार्ड जिवंत हवं. या यंत्रांसोबत येणारी कार्डं बिननावाची, सगळ्यात स्वस्त मिळतील ती असतात. काही महिन्यांतच ती खराब व्हायला लागतात. आधी एखादा गेम उघडत नाही, मग सेव्ह गायब होतो, मग एक दिवस लोगो. माझ्याकडे ‘बंद पडला’ म्हणून आलेल्या कन्सोलांपैकी बहुतेकांचं दुखणं कार्डच होतं. बोर्ड ठणठणीत, स्क्रीन ठणठणीत, बॅटरीही बरी. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं: काहीही पुसण्याआधी, काहीही टाकण्याआधी, त्या जुन्या कार्डातून जे निघेल ते काढून ठेवा.

ते असं करायचं. कार्ड रीडरमध्ये घालून कॉम्प्युटरला लावा. विंडोज असेल तर लगेच एकामागून एक खिडक्या उघडतील आणि म्हणतील की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करू नका. कार्डावर तीन-चार भाग असतात आणि त्यातला एक लिनक्सच्या पद्धतीचा असतो. तो विंडोजला वाचता येत नाही, म्हणून त्याला तो बिघडलेला वाटतो. प्रत्येक खिडकीवर कॅन्सल दाबा. घाईघाईत इथे ‘ओके’ दाबून लोकांनी चांगली कार्डं पुसलेली मी पाहिली आहेत.

मग ‘बूट’ नावाचा छोटा भाग दिसेल, तो उघडतो. त्यातल्या सगळ्या फाइली आधी कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये उचलून ठेवा. सगळ्या, एकही सोडू नका. नंतर विन ३२ डिस्क इमेजरसारख्या प्रोग्रामने संपूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत, वाचून घ्यायचा प्रयत्न करा. तुमचं कार्ड अर्धमेलं असल्याने हे मध्येच थांबू शकतं. तसं झालं तर लिनक्समधलं डीडीरेस्क्यू वापरा. ते खराब जागा वगळून पुढे जातं आणि नंतर मागे वळून पुन्हा प्रयत्न करतं. रात्रभर लावून ठेवलं तरी चालेल.

बूटमधल्या फाइलींवर एवढा भर का, ते सांगतो. त्यात डीटीबी या शेपटीची एक फाइल असते. डीटीबी म्हणजे डिव्हाइस ट्री, यंत्राचा जणू सातबाराच. कुठल्या पिनेवर कुठलं बटण आहे, बॅटरी मोजणारी चिप कुठे आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्क्रीनचं पॅनेल कोणतं आहे व त्याला जागं कसं करायचं, हे सगळं लिनक्सला ही फाइल सांगते. आता अडचण अशी की आर३६एस या नावाने विकलं जाणारं प्रत्येक यंत्र आतून एकसारखं नसतं. कारखान्याला ज्या महिन्यात जे पॅनेल स्वस्त मिळालं ते बसवलेलं असतं. वर नकलेच्याही नकला आहेत. कव्हर तेच, नाव तेच, बोर्ड भलताच. चुकीची डीटीबी दिली तर यंत्र चालू होतं, आवाज येतो, मागचा प्रकाशही लागतो, पण स्क्रीन काळा किंवा नुसता पांढरा. बघणाऱ्याला वाटतं स्क्रीन गेला.

मी हे स्वतःच्या चुकीतून शिकलो. पहिल्यांदा अशा यंत्राचं कार्ड हातात आलं तेव्हा मी त्याच कार्डावर नवीन फर्मवेअर लिहिलं, जुन्याची प्रत न घेता. स्क्रीन काळा. मी पॅनेलची फीत काढून पुन्हा बसवली, बोर्डावरची व्होल्टेज मोजली, शेवटी मालकाला स्क्रीन बदलावा लागेल असं सांगायच्या बेतात होतो. तीन आठवड्यांनी तशाच दुसऱ्या यंत्राचं कार्ड हाताला लागलं. त्यातली ती एक फाइल उचलून टाकली आणि पहिल्याच फटक्यात चित्र आलं. तीन आठवडे एका मुलाचं खेळणं माझ्या टेबलावर पडून होतं, आणि कारण काय तर काही किलोबाइटची फाइल. तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या प्रत्येक कन्सोलचा बूट भाग आधी माझ्या कॉम्प्युटरवर जातो, मग स्क्रू ड्रायव्हर हातात येतो.

समजा तुमच्या कार्डातून ही फाइल निघालीच नाही, तरी वाट आहे. जगभरच्या माहीतगारांनी वेगवेगळ्या पॅनेलांच्या डीटीबी गोळा करून ठेवल्या आहेत, ‘पॅनेल १’, ‘पॅनेल २’ अशा नावांनी. मागचं कव्हर उघडून बोर्डावर छापलेली आवृत्ती आणि तारीख टिपून घ्या, मग एकेक लावून बघा. यात यंत्राला काही इजा होत नाही, फक्त वेळ जातो.

आता नवीन कार्ड. पैसे घालायचे असतील तर पहिले इथे घाला, कव्हर आणि जॉयस्टिक नंतर. नावाजलेल्या कंपनीची दोन कार्डं घ्या: सिस्टीमसाठी ३२ जीबी, गेमसाठी ६४ जीबी. बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. बाजारात खोटी कार्डं खूप आहेत, वर १२८ छापलेलं आणि आत ८. ती कॉम्प्युटरला खोटंच सांगतात आणि भरली की जुन्यावरच नवीन लिहीत सुटतात. म्हणून कार्ड आणल्यावर विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्स-मॅकवर एफ३ चालवून पूर्ण क्षमता तपासा. तासभर लागतो. हा तास मी कधीच वाचवत नाही.

फर्मवेअर कोणतं? इथे थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातूनच उत्तर मिळतं. कोरियाच्या हार्डकर्नल कंपनीने २०२० च्या सुरुवातीला ओड्रॉइड गो अ‍ॅडव्हान्स नावाचं जोडणी-संच स्वरूपातलं यंत्र आणलं, याच आरके३३२६ चिपवर. त्यांनी सॉफ्टवेअर खुलं ठेवलं. त्याच वर्षी अ‍ॅनबर्निक कंपनीचा आरजी३५१पी आला तोही त्याच चिपवर, त्यामुळे आधीचं काम तिथे जवळजवळ तसंच लागू पडलं. आर्कओएस ही उबंटूवर उभी असलेली सिस्टीम याच घराण्यातली. आर३६एस नंतर आला तेव्हा हे सगळं आयतं तयार होतं. म्हणजे तुमच्या तीन हजारांच्या यंत्रात चालतं ते कितीतरी लोकांनी वर्षानुवर्षं फुकट, हौसेने केलेलं काम आहे. कारखान्याने बहुतेक वेळा त्याचीच एक जुनी प्रत उचलून कार्डावर टाकलेली असते आणि श्रेय कुठेच दिलेलं नसतं. मला हे फार लागतं. म्हणून नवीन सिस्टीम उतरवताना ती कोणी केली ते नाव मुलीलाही दाखवा.

तर तुमच्यासाठी निवड अशी. जुन्या कार्डावर आर्कओएसच असेल, आणि बोर्ड मूळ आर३६एसच्या जातीचा असेल, तर आर्कओएसच्याच घराण्यातलं नवं काहीतरी टाका. मेनू ओळखीचे राहतात, मुलीला सगळं पुन्हा शिकावं लागत नाही. रॉकनिक्स हा दुसरा चांगला पर्याय, तोही या चिपवर चालतो आणि दिसायला नेटका आहे. पण जुन्या कार्डावर एमुइलेक नावाची सिस्टीम निघाली तर सावध व्हा, यंत्र बहुधा नकलेची नक्कल आहे. अशा बोर्डाची डीटीबी नव्या सिस्टीमला मानवेलच असं नाही. तिथे मी हट्ट करत नाही. जुन्या कार्डाची वाचलेली इमेज चांगल्या कार्डावर तशीच उतरवतो आणि यंत्र परत देतो. कस्टम फर्मवेअरपेक्षा चालणारं यंत्र मोठं.

इमेज लिहायला रूफस किंवा बलेना एचर. लिहून झाल्यावर पुन्हा त्या फॉरमॅटच्या खिडक्या येतील, पुन्हा कॅन्सल. मग बूट भागात तुमची जुनी डीटीबी टाका. नवीन सिस्टीम ज्या नावाची फाइल शोधते त्याच नावाने ती टाकायची असते. नाव बूट डॉट आयएनआय या फाइलमध्ये लिहिलेलं सापडेल, ती नोटपॅडमध्ये उघडते. कार्ड सुरक्षित बाहेर काढा, यंत्रात घाला, चार्जर लावून चालू करा. पहिल्या वेळी ते गेमचा भाग कार्डभर पसरवतं, मध्ये एक-दोनदा स्वतःच बंद-चालू होतं. या वेळात बटण दाबायचं नाही. स्क्रीनवर काही हलत नसलं तरी चहा करून या.

गेम दुसऱ्या खाचेतल्या कार्डावर ठेवा. आर्कओएसमध्ये प्रगत पर्यायांत दुसऱ्या कार्डावर जायची सोय आहे. याचा फायदा असा की पुढे सिस्टीमचं कार्ड गेलं तरी गेम आणि सेव्ह वेगळे, सुखरूप.

सेव्हबद्दल दोन शब्द, कारण मुलांचं रडू इथे येतं. सेव्ह दोन प्रकारचे. एक गेमच्या आत केलेला, जसा मूळ कॅसेटमध्ये व्हायचा. त्याची एसआरएम फाइल बनते. दुसरा सेव्ह स्टेट, म्हणजे त्या क्षणाचा फोटोच. रेट्रोआर्चमध्ये, म्हणजे हे जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, गेमच्या आतला सेव्ह पुष्कळदा गेममधून बाहेर पडल्यावरच कार्डावर लिहिला जातो. मध्येच बॅटरी संपली तर मुलीने इमानदारीने केलेला सेव्ह गेला. म्हणून सेव्हिंगच्या सेटिंगमध्ये एसआरएएम ऑटोसेव्ह चालू करून ठराविक सेकंदांचं अंतर द्या. आणि बंद करताना मेनूतून शटडाउन. बटण दाबून धरणं हा शेवटचा उपाय. कार्डं मरण्याचं ते एक मोठं कारण आहे.

आता पार्ट. तुम्हाला दिलेली यादी मी उलटी करतो.

बॅटरी आधी बघा, बदलायची म्हणून नाही तर तपासायची म्हणून. मागचे स्क्रू काढा, कव्हर सावकाश वेगळं करा. खांद्यावरची बटणं सुटी होऊन पडतात, ती कुठली कुठे होती त्याचा आधी फोटो काढा. आत चंदेरी पिशवीसारखी लिथियम बॅटरी दिसेल. ती सपाट हवी. उशीसारखी फुगली असेल तर यंत्र लावायचं नाही, चार्ज तर अजिबात करायचं नाही. टोचू नका, दाबू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. एकदा एका कॉलेजच्या मुलाचं यंत्र आलं, तक्रार होती ‘स्क्रीनवर पिवळा डाग’. उघडलं तर फुगलेली बॅटरी मागून स्क्रीन ढकलत होती. तो ते उशाशी घेऊन झोपायचा. मला तो पिवळा डाग अजून आठवतो.

नवी बॅटरी घेताना जाडी-रुंदी-लांबी मोजून घ्या, ३.७ व्होल्टची, आत संरक्षण सर्किट असलेली. आणि हे कोरून ठेवा: कनेक्टर सारखा दिसला तरी लाल-काळ्या वायरींचा क्रम सारखा असेलच असं नाही. बनवणाऱ्यागणिक तो उलटतो. लावण्याआधी मल्टिमीटरने बोर्डावरची खूण आणि बॅटरीची बाजू जुळवून घ्या. उलटी लागली तर एका क्षणात बोर्ड जातो, आणि तिथे मात्र कार्ड बदलून काही होत नाही.

चार्जिंगचं एक कोडं बऱ्याच जणांना पडतं: ‘नव्या फोनच्या चार्जरने चार्जच होत नाही.’ टाइप-सी ते टाइप-सी केबलमध्ये चार्जर आधी समोर कोण आहे ते विचारतो. समोरच्या यंत्रात ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर असतील तरच तो वीज सोडतो. स्वस्त यंत्रांत पुष्कळदा ते बसवलेलेच नसतात. मग चार्जर गप्प. जुन्या रुंद यूएसबीतून टाइप-सीकडे जाणारी केबल हे विचारत नाही, तिच्यात ५ व्होल्ट कायम असतात. म्हणून जुन्या फोनचा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा साधा चार्जर आणि तशी केबल वापरा, प्रश्न मिटला. ते रेझिस्टर मी मागणीवरून बसवून देतो, पण तिथे तांदळाच्या कणीएवढा पार्ट आणि केसाएवढी जागा असते. सोल्डरिंगची सुरुवात तिथून करू नका. आणि हो, यंत्राला टाइप-सीची भोकं दोन आहेत. डीसी लिहिलेलं चार्जिंगचं, ओटीजी लिहिलेलं कीबोर्ड किंवा वाय-फाय डोंगलचं. आर३६एसमध्ये स्वतःचं वाय-फाय नाही, त्यामुळे अपडेटसाठी डोंगल लागतो.

आता माझा आवडता भाग, डी-पॅड, म्हणजे दिशा देणारं अधिक चिन्हाचं बटण. पैसे शून्य आणि फरक सगळ्यात जास्त.

तक्रार अशी असते: उजवीकडे पळताना पात्र मध्येच खाली वाकतं, किंवा मेनूत खाली जाताना बाजूला सरकतं. लोक म्हणतात बटण खराब आहे. बटण खराब नसतं, ते गरजेपेक्षा जास्त तत्पर असतं. यंत्र उघडून बोर्ड बाजूला केला की अधिक चिन्हाच्या प्लास्टिकखाली एक मऊ रबरी पॅड दिसतो. त्यात चार काळ्या गोळ्या. त्या गोळ्यांखाली बोर्डावर कंगव्याचे दोन तुकडे एकमेकांत अडकवल्यासारख्या चार खुणा. गोळी खुणेला टेकली की सर्किट पुरं होतं. अंगठा उजवीकडे दाबताना किंचित खाली कलला तरी खालची गोळी आपल्या खुणेच्या कडेला टेकते, आणि यंत्राला ते खाली दाबल्यासारखं वाटतं.

आधी स्वच्छता. कानात घालायच्या कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, दुकानात आयपीए म्हणून मागा, आणि खुणा पुसा. गोळ्यांवर फक्त हलकेच कोरडा कापूस, घासलं तर त्यांचं कार्बन उतरतं. आमच्या लहानपणी व्हिडिओ गेम लागला नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची हा सगळ्या महाराष्ट्राचा उपाय होता. कॅसेट परत घातल्यावर चालायचीही, पण ते पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीच्या दमटपणाने आतला धातू काळा पडायचा. आयपीए उडून जातं, मागे काही राहत नाही.

मग टेप. कॅप्टॉन टेप म्हणून पिवळसर, उष्णता सोसणारा पातळ टेप मिळतो. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात. त्याची एक मिलिमीटर रुंदीची पट्टी ब्लेडने कापा. चिमट्यात धरा आणि खुणेच्या मधोमध आडवी चिकटवा, असं की खुणेचा थोडा भाग झाकला जाईल आणि दोन्ही बाजूंना तांबडी-सोनेरी जागा उघडी राहील. चारही खुणांवर तसंच. आता नुसत्या स्पर्शाने बटण लागत नाही, थोडा नीट दाब लागतो. बोर्ड परत ठेवा, दोनच स्क्रू लावा, चालू करून बघा. तिरका दाब हवा तेव्हा लागतो का, हेही बघा. लढाईच्या गेममध्ये खाली-तिरकं-पुढे असा अंगठा फिरवायचा असतो, तिथे टेप जास्त झाला तर तिरकी दिशा सुटते. तसं वाटलं तर पट्टी अर्धी करा. दोन-तीनदा उघडझाप होते, पण बसलं की असं बसतं की जुन्या महाग यंत्राची आठवण येते. हे काम तुमच्या मुलीच्या हातून करून घ्या. लहान बोटं इथे आपल्यापेक्षा सरस ठरतात.

अ‍ॅनालॉग जॉयस्टिक तेव्हाच बदला जेव्हा पात्र आपोआप एका बाजूला सरकतं. साध्या जॉयस्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर धातूचं बोट घासतं, पट्टी झिजली की मधला बिंदू हलतो. हॉल इफेक्ट जॉयस्टिकमध्ये चुंबक असतं, घासणं नाही, म्हणून झीज नाही. माझ्या हातून गेलेल्या यंत्रांत निन्टेंडो स्विचच्या जॉयकॉन कंट्रोलरला लागते तशा घडणीची, फितीने बोर्डाला जोडलेली स्टिक होती. फितीची खटकी उचलायची, फीत सरळ ओढायची, दोन स्क्रू. सोल्डरिंग नाही. पण जुन्या कॅसेटचे गेम डी-पॅडवरच खेळायचे असतात, तेव्हा तुमच्या घरी हा खर्च आत्ता नको.

पारदर्शक कव्हर, रंगीत बटणं: हौस असेल तर घ्या, खेळण्यात फरक नाही. चिपचा वेग वाढवायच्या भानगडीत पडू नका. बॅटरी खाते, उष्णता वाढते, आणि जे गेम मुळात या चिपच्या आवाक्यात नाहीत ते तरीही येत नाहीत. ८-बिट, १६-बिट, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, पहिलं प्लेस्टेशन, इथवर हे यंत्र मनापासून चालतं. निन्टेंडो ६४, ड्रीमकास्ट, पीएसपी: काही गेम चालतात, काही अडखळतात. त्यासाठी दुसरं यंत्र.

त्यापेक्षा स्क्रीनच्या एका सेटिंगवर दहा मिनिटं घाला. स्क्रीन ६४० बाय ४८० ठिपक्यांचा आहे. पहिल्या प्लेस्टेशनचे बरेच गेम ३२० बाय २४० चे, म्हणजे प्रत्येक ठिपका बरोबर दुप्पट, चित्र धारदार. पण गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा स्क्रीन २४० बाय १६० चा. तो पूर्ण रुंदीला ताणला तर एक ठिपका २.६७ पट व्हायला हवा. असे अपूर्णांकातले ठिपके दाखवता येत नाहीत, मग काही ठिपके दोनाचे, काही तीनाचे होतात आणि पात्र चालताना चेहरा लहरतो. रेट्रोआर्चच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये इंटीजर स्केल चालू करा. चित्र ४८० बाय ३२० चं, थोडं छोटं, भोवती काळी चौकट, पण प्रत्येक ठिपका जिथल्या तिथे. साध्या गेम बॉयचं १६० बाय १४४ तिप्पट होऊन ४८० बाय ४३२ बसतं, जवळजवळ पूर्ण उंची. मी हे लावून दिल्यावर लोक विचारतात, स्क्रीन बदलला का?

राहिला गेमांचा विषय, आणि तो टाळणार नाही. कार्डावर भरून आलेले हजारो गेम कोणाच्या परवानगीने आलेले नसतात. जुने झाले म्हणून त्यांचा हक्क संपत नाही. मी दुरुस्तीला आलेल्या कार्डावर कोणाचे गेम भरून देत नाही. ज्यांच्याकडे जुन्या कॅसेट आहेत त्यांना त्या वाचून घ्यायचं साधन दाखवतो. आणि आजही गेम बॉयसाठी नवीन गेम लिहिणारे लोक आहेत. त्यातले बरेच गेम मोफत, खुल्या परवान्याचे. टोबू टोबू गर्ल हा त्यातला छान उड्या मारायचा गेम आहे, तुमच्या मुलीला आवडेल. पोर्टमास्टर नावाची सोय आहे, त्यातून तुम्ही रीतसर विकत घेतलेले काही गेम या यंत्रावर चालतात.

पण मुलगी अकरा वर्षांची आहे म्हणून एक वेगळी गोष्ट सांगतो. जीबी स्टुडिओ नावाचा मोफत प्रोग्राम आहे, २०१९ पासून. एक ओळही कोड न लिहिता, चित्रं आणि घटना जोडून त्यात गेम बॉयचा खरा गेम बनतो. बनलेली फाइल कार्डावरच्या गेम बॉयच्या फोल्डरमध्ये टाकली की तुमच्या आर३६एसवर चालते. माझ्या भाचीने गेल्या मे महिन्यात एक केला. राजगडावर हरवलेलं वासरू शोधायचं, एवढीच गोष्ट. तिला पाट्या मराठीतच हव्या होत्या. गेम बॉयचा स्क्रीन म्हणजे ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटी, आडव्या २० आणि उभ्या १८. आठ ठिपक्यांच्या उंचीत इंग्रजी अक्षर आरामात मावतं. देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार, मधे शिरोरेषा. ‘किल्ला’ काही केल्या बसेना. शेवटी तिने वहीतल्या चौकोनांवर पेन्सिलने अक्षरं पाडली, एकावर एक दोन चौकटी घेऊन: वरच्या चौकटीत वेलांटी आणि शिरोरेषा, खालच्या चौकटीत अक्षराचं अंग. अख्खे शब्दच चित्र म्हणून काढले. मग कळलं की एका दृश्यात वेगळ्या चौकटी १९२ पर्यंतच चालतात. तेव्हा तिने शिरोरेषेची एकच चौकट सगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा वापरली, जागा वाचली.

तो गेम तिने ज्या यंत्रावर चालवला त्याचं कार्डही आधी मेलंच होतं. आम्ही दोघांनी मिळून वर सांगितलेलं सगळं याच क्रमाने केलं: बूटची प्रत, कार्डाची तपासणी, नवी इमेज, जुनी डीटीबी, मग टेप. एक रविवार गेला. तुम्हाला दोन लागतील असं धरून चला. पहिल्या रविवारी फक्त कार्ड करा, यंत्र उघडूच नका. ते नीट चालायला लागलं की पुढच्या रविवारी मागचे स्क्रू काढा. आणि जुनं कार्ड, अगदी मेलेलं असलं तरी, त्यावर यंत्राचं नाव आणि तारीख लिहून एका पाकिटात जपून ठेवा.